माउंट मोनॅडनॉक, न्यू हॅम्पशायर: दोनच मैल आहेत म्हणून हलक्यात घेऊ नका

बॉस्टन, नॅशुआ, वूस्टर या पट्ट्यातल्या आपल्या लोकांमध्ये उन्हाळा आला की आणि मग परत फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, एकच विषय निघतो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखा चांगला डोंगर कुठला, आणि उत्तर ठरलेलं, मोनॅडनॉक. उत्तर बरोबर आहे. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापला तो फक्त गर्दीसाठी. पण लोक जाताना एवढंच ऐकून जातात की "दोन मैल तर आहे, दोन तासांत वर", आणि मग हातात अर्ध्या लिटरची बाटली, पायात साधे स्नीकर्स, दुपारी एक वाजता चढायला सुरुवात. असे ग्रुप दर शनिवार-रविवारी दिसतात, त्यात आपले लोक भरपूर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

डोंगराची उंची ३१६५ फूट, म्हणजे साधारण ९६५ मीटर. मोनॅडनॉक स्टेट पार्कच्या हेडक्वार्टर्सपासून व्हाइट डॉट नावाच्या ट्रेलने माथा जेमतेम दोन मैल, पण त्या दोन मैलांत जवळपास १८०० फूट चढायचं असतं. पुणेकरांना पटकन कळावं म्हणून सांगते, आतकरवाडीतून सिंहगड जेवढा चढतो साधारण तेवढीच ही चढाई आहे, पण सिंहगडाला मळलेली वाट, मधे मधे ताक-सरबतवाले, वर पिठलं-भाकरी आणि पाय बोलायला लागले की खाली यायला जीप. इथे माथ्यावर जाणारा गाडीरस्ताच नाही, वर दुकान नाही, छप्पर नाही, पाण्याचा नळ नाही, पाठीवर जे नेलंय तेच खायचं-प्यायचं आणि रिकामी पाकिटं परत खाली घेऊन यायची. चालायची सवय असलेल्या माणसाला वर-खाली मिळून चार तास धरा, लहान मुलं, फोटो, वर बसून खाणं हे सगळं धरलं तर पाच-सहा तास सहज जातात.

पहिलं काम पार्किंगचं. सीझनमध्ये पार्किंग आधी ऑनलाइन बुक करावं लागतं, न्यू हॅम्पशायर स्टेट पार्क्सच्या साइटवर, आणि ऑक्टोबरच्या वीकेंडचे स्लॉट फार लवकर भरतात, त्यातही कोलंबस डेचा लाँग वीकेंड म्हणजे विचारूच नका, तेव्हा आदल्या दिवशी बघू असं म्हणून चालत नाही. बुक करताना एक गोष्ट नीट बघा, हेडक्वार्टर्स, ओल्ड टोल रोड आणि गिल्सन पाँड ही सगळी पार्किंग डोंगराच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत. दोन गाड्या घेऊन जाताय तर दोन्ही बुकिंग एकाच जागेची आहेत ना ते बघा, आणि जीपीएसमध्ये नुसतं डोंगराचं नाव टाकू नका, बुकिंग आहे त्या पार्किंगचं नाव टाका. बॉस्टनहून दीड-पावणेदोन तास लागतात, डोंगराच्या जवळ मोबाईलला रेंज कधी असते कधी नसते, म्हणून बुकिंगचा स्क्रीनशॉट आणि ट्रेलचा मॅप घरूनच फोनमध्ये घेऊन निघायचं, कागदी मॅप असेल तर आणखी चांगलं. आणि कुत्र्याला नेता येत नाही, स्टेट पार्कमध्ये पेट्सना परवानगीच नाही. हे ऐकून पुष्कळ लोकांना आश्चर्य वाटतं कारण आजूबाजूच्या इतर ट्रेल्सवर कुत्री बिनधास्त फिरत असतात, पण इथे गेटवर पोचल्यावर कळलं तर दिवस फुकट गेला.

आता वाटा. हाच माझ्यामते सगळ्या प्लॅनिंगचा गाभा आहे, कारण डोंगर एकच असला तरी कुठल्या वाटेने जाताय त्यावर तुमचा दिवस कसा जाणार ते ठरतं, आणि बरोबर कोण आहे ते बघूनच वाट निवडायला हवी. सगळ्यात जास्त लोक जातात ती व्हाइट डॉट. सुरुवातीचा भाग रुंद, झाडीतला, गप्पा मारत जाण्यासारखा. साधारण पाऊण मैलावर फाल्कन स्प्रिंग नावाचा झरा लागतो आणि तिथून व्हाइट क्रॉस नावाची दुसरी वाट फुटते. यानंतर व्हाइट डॉट आपला खरा रंग दाखवते, एकदम उभे दगड, मोठमोठे कातळ, काही ठिकाणी हात टेकवल्याशिवाय वर जाताच येत नाही, आणि आधी ज्या गप्पा चालू होत्या त्या आपोआप बंद होतात. ज्यांना दगडांवर चढायला मजा येते त्यांच्यासाठी हा भाग म्हणजे मोनॅडनॉकचा सगळ्यात सुंदर भाग, मला तर फार आवडतो, दर पाचेक मिनिटांनी मागे वळून बघितलं की खालचं जंगल आणखी पसरलेलं दिसतं. पण उतरताना हीच वाट गुडघ्यांची परीक्षा घेते, आणि पाऊस पडून गेला असेल तर ते कातळ इतके निसरडे होतात की बसून बसून उतरावं लागतं. म्हणून चढायचं व्हाइट डॉटने आणि उतरायचं व्हाइट क्रॉसने. दोन्ही वाटा माथ्याच्या थोडं खाली परत एकत्र येतात, व्हाइट क्रॉस किंचित लांब पण उतार जरा बरा. पाटी नीट बघून वळा, गर्दीच्या मागे मागे गेलात तर नकळत व्हाइट डॉटनेच उतरायला लागाल.

आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि त्यांनाही न्यायचं असेल तर हेडक्वार्टर्सला जाऊच नका. रूट १२४ वरून ओल्ड टोल रोडची बाजू घ्या. हा जुना टोलचा रस्ता आहे, आता लोक चालायलाच वापरतात, रुंद, खडीचा आणि हळूहळू चढत जाणारा. साधारण सव्वा मैलावर हाफवे हाऊसची मोकळी जागा येते, तिथे पूर्वी हॉटेल होतं, लोक घोडागाडीने येऊन राहायचे, पुढे ते जळालं. साठी-पासष्टीच्या, रोज फिरायला जाणाऱ्या माणसाला इथपर्यंत यायला काहीच अडचण नाही, निवांत बसता येतं, डबा खाता येतो. इथून पुढे व्हाइट अॅरो ट्रेलने माथा साधारण एक मैल आहे आणि तो मैल मात्र खडकाळ आणि चांगला चढाचा आहे, तेव्हा ज्यांना वर जायचंय त्यांनी जायचं आणि कुणीतरी एकाने आई-बाबांबरोबर थांबून त्यांना घेऊन सावकाश खाली यायचं. "एवढं आलोच आहोत तर वरपर्यंत जाऊ" हा आग्रह मात्र करू नका प्लीज, गुडघे दुखायला लागतात ते उतरताना, आणि तेव्हा मधेच कुठे सोडून द्यायची सोय नसते.

ज्यांना गर्दी नकोच आहे त्यांच्यासाठी डब्लिनच्या बाजूने पंपेली ट्रेल आहे, एका बाजूने साडेचार मैलांच्या आसपास, वरचा बराचसा भाग उघड्या धारेवरून जातो. अप्रतिम वाट, पण दिवस मोठा लागतो आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने ती निवडू नये असं मला वाटतं.

वर काय आहे? वर मोकळा खडक आहे, आणि चारी बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत न्यू इंग्लंड. हवा अगदी स्वच्छ असेल तर दक्षिणपूर्वेला बॉस्टनच्या इमारती आणि उत्तरेला माउंट वॉशिंग्टन दिसतो, न्यू इंग्लंडची सहाही राज्यं इथून दिसतात असं म्हणतात. खरं बघायला गेलं तर इतक्या कमी उंचीवर या भागात झाडं असायला हवी होती. ती का नाहीत याची गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. १९व्या शतकाच्या सुरुवातीला आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी कुरणं मोकळी करायला इथे आगी लावल्या, आणि नंतर पडलेल्या झाडांच्या ढिगाऱ्यात लांडगे लपून राहतात, मेंढ्या मारतात, असं वाटून डोंगर परत पेटवला. ती आग इतकी भडकली की वरची माती जळाली, उरलेली पावसाने वाहून गेली आणि खाली राहिला तो नुसता खडक. दोनशे वर्षं झाली तरी झाडं पूर्ण परत आलेली नाहीत. खडकांच्या भेगांत जी बारीक झुडपं, शेवाळ, गवत दिसतं ते किती मुश्किलीने आलंय याचा विचार करा आणि पाय खडकावरच ठेवा, फोटोसाठी त्या हिरव्या भागात बसू नका. माथ्याच्या खडकावर १९व्या शतकात कोरलेली नावंसुद्धा आहेत, चांगली छिन्नी-हातोडी घेऊन कोरलेली. आपल्या गडांवरच्या भिंतींवर बदाम-बाण बघून जसा संताप येतो तसाच इथेही येतो, शंभर-दीडशे वर्षांनी त्याला लोक इतिहास म्हणतात एवढंच. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४४ ते १८६० या काळात इथे चार वेळा आला होता, डोंगरावर मुक्काम करून राहिला होता. आता डोंगरावर तंबू ठोकता येत नाही, राहायचं असेल तर गिल्सन पाँडचं कॅम्पग्राउंड आहे, तिथे बुकिंग करून राहता येतं.

माथा उघडा असल्यामुळे वारा जबरदस्त लागतो. खाली टीशर्टमध्ये घाम येत असतो आणि वर पोचल्यावर पाच मिनिटांत दात वाजायला लागतात, विशेषतः सप्टेंबरनंतर. म्हणून विंडचीटर आणि एक कोरडा टीशर्ट बॅगेत पाहिजेच, मुलांसाठी टोपी. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे फिरायचं, त्या उघड्या खडकावर वीज पडली तर आडोसाच नाही. पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. झऱ्याचं पाणी तसंच पिऊ नका. खायला चिप्सपेक्षा आपलं घरचं कितीतरी बरं पडतं, ठेपले, तूप-गुळाच्या पोळीचा रोल, दाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, आणि एखादं इलेक्ट्रॉलचं पाकीट. थर्मासमध्ये चहा नेलात तर वर वाऱ्यात बसून तो पिण्यासारखं सुख नाही, वजन होतं पण मी तरी नेतेच.

वेळेबद्दल. सकाळी आठला चालायला सुरुवात केलीत तर सगळं सोपं होतं, पार्किंगला धावपळ नाही, व्हाइट डॉटच्या उभ्या कातळांवर रांग लागायच्या आत तुम्ही पुढे गेलेले असता. दहानंतर त्या कातळांवर खरोखर रांग लागते, खालून चढणारे आणि वरून उतरणारे एकमेकांची वाट बघत उभे. आणि निघण्याआधीच ग्रुपमध्ये ठरवून टाका की अमुक वाजले की जिथे असू तिथून परत. ऑक्टोबरच्या मध्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, झाडीत त्याआधीच अंधारून येतं, नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर मागे केल्यावर तर साडेचारलाच. फोनचा टॉर्च हा टॉर्च नाही, हेडलॅम्प न्या, एका हातात फोन धरून कातळ उतरता येत नाही.

कधी जायचं म्हणाल तर माझी पसंती सप्टेंबर, त्यातही शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी. पानांचे रंग बघायचे असतील तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, पण मग गर्दी स्वीकारून जा. मे-जूनमध्ये ब्लॅक फ्लाइज नावाच्या बारीक काळ्या माश्या कानामागे आणि केसांत घुसून चावतात, लहान मुलं रडकुंडीला येतात, तेव्हा टाळलेलं बरं. टिक्स म्हणजे गोचिडी मात्र बर्फ नसेल तेव्हा कधीही असू शकतात आणि त्यांच्यातून लाइम डिसीज होतो, म्हणून फुल पँट, मोजे पँटच्या वर ओढलेले, आणि घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत नीट बघायचं. हे कंटाळवाणं वाटतं पण करायचंच.

आणखी एक, जे आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. न्यू हॅम्पशायरमध्ये तुमच्या निष्काळजीपणामुळे रेस्क्यू करावं लागलं तर राज्य तुमच्याकडून खर्च वसूल करू शकतं. हा खर्च अंगावर येऊ नये म्हणून राज्याच्या फिश अँड गेम खात्याचं हाइक सेफ कार्ड मिळतं, वर्षाला एका माणसाला २५ डॉलर, कुटुंबाला ३५. अगदीच बेफिकीरपणे वागलात तर त्याचा उपयोग नाही आणि तो काही मेडिकल इन्शुरन्सही नाही, पण पैसे रेस्क्यूच्या कामाला जातात, रात्री-अपरात्री स्ट्रेचर उचलून त्या कातळांवरून माणसाला खाली आणण्याच्या कामाला त्याची मदत होते, म्हणून मी तर म्हणते एकदाच जाणार असाल तरी घ्या.

हिवाळ्यातही डोंगर चालू असतो आणि बर्फातला मोनॅडनॉक वेगळाच देखणा दिसतो, पण तेव्हा बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स हवेतच, सावलीतल्या कातळांवरचा बर्फ एप्रिलमध्येही टिकून असतो आणि खाली पार्किंगमध्ये वसंत आलाय म्हणून वरही आला असेल असं धरून चालू नका. स्पाइक्स नसतील तर फाल्कन स्प्रिंगपर्यंत जा, तिथे डबा खा आणि परत या.