रनफ्लॅट सोडल्यानंतरचे आठ महिने : बीएमडब्ल्यू ३३०आय आणि मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एस

माझी ३३०आय २०२१ सालची आहे. गेल्या मे महिन्यात ती एकतीस हजार किलोमीटर चालली असताना चारही टायर बदलले, आणि त्यानंतर एक पूर्ण पावसाळा धरून साडेनऊ हजार किलोमीटर झाले आहेत. निम्मे पुणे शहरात, उरलेले द्रुतगती मार्ग, सोलापूर रस्ता आणि ताम्हिणीसारख्या घाटांत. कोणत्या कंपनीचे टायर घ्यावेत यापेक्षा रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर, ठेवायचे की सोडायचे, हाच निर्णय खरा होता. कंपनीची निवड त्यामानाने सोपी गेली.

टायर बदलण्याची वेळ दोन कारणांनी आली. बाह्यवळण रस्त्यावर एका खड्ड्यात पुढचा डावा टायर सापडला आणि त्याच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटलेले असतात. त्यावर इलाज नसतो. मग बाकीचे टायर नीट पाहिले, तर मागच्या दोघांची नक्षी बाहेरून ठीक दिसत होती, पण आतल्या कडेला ती कायद्याने ठरवलेल्या किमान १.६ मिलिमीटरच्या जवळ आली होती. या गाडीची मागची चाके वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात, त्यामुळे झीज आतून होते आणि उभ्याने पाहणाऱ्याला दिसत नाही. मोबाइल चाकाच्या आत धरून फोटो काढल्याशिवाय मला ती कळली नसती.

रनफ्लॅटची बाजू आधी मांडतो. हवा पूर्ण गेली तरी जाड केलेल्या साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, गाडी उभी राहते आणि ताशी ८० किलोमीटरच्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता येते. रात्री, घाटात, घरची मंडळी सोबत असताना ही सोय फार मोठी आहे. पण तोच कडकपणा रोज सोसावा लागतो. माझ्या गाडीत पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ असे मोजमाप आहे. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत सांगतो. आकडे वेगळे दिसले तरी हिशेब केल्यास दोन्हीकडे साइडवॉलची उंची जेमतेम दहा सेंटिमीटर भरते. एवढ्याशा उंचीत कडक रबर असेल, तर पेव्हर ब्लॉकचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक गतिरोधक थेट पाठीत पोहोचतो.

पुढचा दुसरा टायर चांगला असूनही चारही बदलले, कारण एकाच गाडीत रनफ्लॅट आणि साधे टायर मिसळणे योग्य नाही. मोजमाप तेच ठेवले. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, पुढे ९५ आणि मागे ९९, म्हणजे प्रत्येक टायरमागे अनुक्रमे ६९० आणि ७७५ किलो. त्याखाली उतरायचे नाही, हे आधीच ठरवले होते. खरी दमछाक मिळवताना झाली. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीला परवाना लागतो, आणि अशी कमी खपाची मोजमापे हवी तेव्हा दुकानात नसतात. पहिल्या दुकानदाराने दाखवलेल्या मागच्या जोडीवरचा, उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारा चार आकडी शिक्का पाहिला, तर त्यातले वर्षाचे शेवटचे दोन आकडे दोन वर्षे जुने निघाले. ‘साहेब, रबर काही खराब होत नाही’ असे तो म्हणाला. मी नमस्कार करून निघालो. दुसरीकडे तीन आठवडे थांबून ताजे टायर मिळाले. चारांच्या पैशांत एक बरी दुचाकी आली असती. त्यानंतर २२ सप्टेंबरला टायरांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, ही गोष्ट मी आजही घरात काढत नाही.

पायलट स्पोर्ट ४ एस निवडण्याचे मुख्य कारण पाऊस. या टायरच्या नक्षीत दोन प्रकारचे रबर वापरलेले असते : बाहेरच्या भागात कोरड्या वळणांसाठी एक, आतल्या भागात ओल्या रस्त्यासाठी सिलिकायुक्त दुसरे. वाचताना हे जाहिरातीसारखे वाटले होते. जुलैत मुळशीकडून ताम्हिणी उतरताना मत बदलले. धुके, कडेला शेवाळ, दरडीतून वाहून आलेली तांबडी माती, अशा रस्त्यावर जुने टायर ज्या वळणांआधी ब्रेक लावला की पायाखाली एबीएसची थरथर देत, तिथे आता तेवढ्याच वेगात ती जाणवली नाही. माझ्याकडे मोजणीचे यंत्र नाही, म्हणून अंतराचा आकडा देत नाही. २५८ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन मीटर फक्त मागच्या चाकांना मिळत असल्याने ओल्या चढावर वळणातून बाहेर पडताना चाकांचे घसरणे आवरणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा पूर्वी सतत लुकलुकत असे. तो आता क्वचित दिसतो.

साचलेल्या पाण्याचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि त्याबाबत कोणी गैरसमज करून घेऊ नये. ऑगस्टमध्ये द्रुतगती मार्गावर खालापूरच्या पुढे डाव्या लेनमध्ये पाण्याचा पट्टा लागला आणि ताशी नव्वदच्या आसपास स्टिअरिंग क्षणभर हलके झाले. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हा पदार्थविज्ञानाचा भाग आहे. कोणतेही महागडे रबर त्यातून सुटत नाही.

आराम हा दुसरा लाभ, आणि घरच्यांच्या दृष्टीने तोच पहिला. खड्डा खड्डाच राहतो, पण त्याचा आवाज ‘धाड’वरून ‘धप्प’वर आला आहे. स्टिअरिंगबद्दल मला धास्ती होती, कारण साइडवॉल मऊ झाली की प्रतिसाद सुस्तावतो असे ऐकले होते. पहिले दोनशे किलोमीटर तसे वाटलेही. नंतर ती शंका उरली नाही. कोरड्या घाटात गाडी आता वळणाच्या मध्यावरचा उंचवटा पचवते, पूर्वी तिथे ती बाजूला उडी मारत असे. इंधनाच्या खर्चात सांगण्यासारखा फरक नाही. नायट्रोजनसाठी मी पैसे देत नाही, कारण साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच; दर पंधरा दिवसांनी सकाळी थंड टायरमध्ये हवा तपासतो.

आता या निर्णयाची किंमत. डिसेंबरमध्ये सोलापूर रस्त्यावर भिगवणजवळ दाबाचा इशारा लागला. मागच्या टायरमध्ये स्क्रू घुसला होता. सुदैवाने तो नक्षीच्या मधोमध होता, त्यामुळे डिकीतल्या किटमधली स्ट्रिप, म्हणजे भोक बुजवणारी चिकट रबरी पट्टी, भरून आणि छोट्या पंपाने हवा मारून निघता आले. पण भरधाव ट्रकांच्या शेजारी उन्हात अर्धा तास गेला. रनफ्लॅट असता तर? पुणे तिथून शंभर किलोमीटरहून लांब आहे, म्हणजे घरापर्यंत तोही पोहोचला नसता. बारामतीपर्यंत मात्र काच खाली न करता गेलो असतो. स्क्रू साइडवॉलमध्ये असता, तर स्ट्रिपचा काही उपयोग नव्हता आणि गाडी उचलून न्यावी लागली असती. रात्री एकट्याने आडवाटेने वारंवार फिरणाऱ्यांना मी रनफ्लॅट सोडा असे सांगणार नाही.

झीज या वर्गातल्या मऊ रबराला साजेशी आहे. सुरुवातीला साडेसात मिलिमीटरच्या आसपास असलेली नक्षी पुढे ६.२ आणि मागे ५.३ उरली आहे. आतल्या-बाहेरच्या कडांत या वेळी फार फरक नाही, कारण अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, टायर बसवतानाच आणि पुन्हा पाच हजारांना करून घेतले. पुढची-मागची मापे वेगळी असल्याने चाकांची अदलाबदल पुढून मागे होत नाही. नक्षी असममित, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या भागात वेगळी, असली तरी एकाच दिशेने फिरण्यासाठी बांधलेली नाही, म्हणून डावे-उजवे बदलता येतात. तेवढे दहा हजारांना करणार आहे. या गतीने मागची जोडी पंचवीस हजारांच्या अलीकडे-पलीकडे संपेल आणि पुढची त्यानंतरही बरीच चालेल, तेव्हा पुढच्या खेपेला दोनच टायर घ्यावे लागतील. त्याची चौकशी मी संपण्याच्या दोन महिने आधी सुरू करणार आहे.