शिरोलीतून रिव्ह्यू : विनातारण सीसी, मर्यादा 40 लाख

साडेतीन तारे, आमच्या बँकेच्या सीसीला, म्हणजे कॅश क्रेडिटला : धंद्यासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचे आणि भरायचे. चार दिले असते, पण अर्धा तारा डीपीने खाल्ला. त्याबद्दल पुढे लिहितेच.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) घ्यायचं, व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर मशीनिंग करायचं आणि ट्रॅक्टरचे पार्ट पुरवणाऱ्या कंपन्यांना द्यायचं. थोडं जॉबवर्कही असतं. मशीनकडे आमचे हे बघतात. बँक, जीएसटी आणि वसुली माझ्याकडे. फर्म माझ्या नावावर आहे, तरी शाखेत गेलं की पहिला प्रश्न, "साहेब नाही आले?" खातं एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. नाव देत नाही, कारण आसपासच्या गाळेवाल्यांशी बोललं की कळतं, पासबुकाचा रंग तेवढा वेगळा असतो.

आधी चांगलं सांगते. घर गहाण नाही, गावाकडच्या सातबाऱ्यावर बोजा नाही. केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेने 2000 साली सीजीटीएमएसई हा हमी देणारा ट्रस्ट काढला, त्याखाली ही कॅश क्रेडिट मिळाली. फक्त एक गैरसमज काढून टाका. ही हमी बँकेला असते, आपल्याला नाही. खातं थकलं तर ट्रस्ट बँकेचा ठरलेला हिस्सा भरून देतो आणि वसुली आपल्यामागे तशीच चालू राहते. वर हमीची फी दरवर्षी आपल्याच खात्यातून जाते. तरी मला हे परवडलं. पतसंस्थेसाठी दोन जामीनदार शोधताना भाऊबंदांची तोंडं बघून झाली होती.

व्याजाबद्दल तक्रार नाही. वापरलं तेवढ्यावरच लागतं. ग्राहकाचे पैसे सोमवारी आले की त्या दिवसापासून मीटर खाली. शिवाय सूक्ष्म आणि लघुउद्योगांची बदलत्या व्याजाची नवी कर्जं 1 ऑक्टोबर 2019 पासून बाहेरच्या दराला जोडायचं बंधन रिझर्व्ह बँकेने बँकांवर घातलंय. आमचं रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याला, जोडलेलं आहे. 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.25 वर आला, तसा आमचा दरही उतरत गेला. त्यासाठी अर्ज नाही की मॅनेजरच्या केबिनबाहेर बसणं नाही. मोबाइलवर दहा मिनिटांत पैसे देऊ म्हणणाऱ्या एका फायनान्स कंपनीने मला 24 टक्के सांगितले होते, आणि हप्ता लगेच पुढच्या महिन्यापासून. आमच्या धंद्यात बिल सुटायलाच तीन महिने लागतात.

मर्यादा ठरली ती जुन्या नायक समितीच्या हिशोबाने : वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या 20 टक्के. आमची दोन कोटी, म्हणून 40 लाख. मंजुरीपत्र हातात आलं की वाटतं, 40 लाख आपले. खरं दुखणं इथून सुरू होतं.

उचलता येते ती मर्यादा नाही, डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं आणि त्यावरून ती निघते. आमच्या पत्रात मालावर 25 टक्के मार्जिन (तेवढा भाग बँक हिशोबात धरत नाही) आणि ग्राहकांकडच्या येण्यावर 40 टक्के आहे. समजा माल 16 लाखांचा, फौंड्रीचं देणं 8 लाख. उरले 8, त्यातले मिळणार 6. येणं 50 लाख, त्याचे 30. झाली डीपी 36 लाख. आता एका मोठ्या ग्राहकाने 20 लाखांची बिलं अडकवली आणि ती 90 दिवसांपुढे गेली. बँक ती येण्यातून वगळते. उरले 30 लाख, त्याचे 18, अधिक ते 6. डीपी 24 लाख! म्हणजे ग्राहकाने पैसे थकवले की त्याच महिन्यात बँकही 12 लाख मागे घेते. पगार, लाइटबिल आणि फौंड्रीवाला मात्र आपापल्या तारखेला हजर. बँकेच्या बाजूने बघितलं तर नियम चुकीचा नाही, जुनं येणं बुडायची भीती असतेच. पण छोट्या कारखान्याला पैसा नेमका तेव्हाच लागतो, आणि हे मंजुरीच्या वेळी कोणी बसून समजावत नाही.

पाहणीला आलेल्या तरुण अधिकाऱ्याची गंमत सांगते. दारापासून व्हीएमसीपर्यंत कास्टिंगचे पॅलेट लागलेले. तो खूश, "माल भरपूर दिसतोय की, मॅडम!" मी डिलिव्हरी चलनांची फाइल पुढे केली. त्यातले निम्म्याहून जास्त पॅलेट जॉबवर्कचे, मालक वेगळाच. आमचं त्यात फक्त मशीनिंग. ते स्टॉकमध्ये धरता येत नाहीत. पोरगं हुशार, लगेच समजलं त्याला. पण सहा पोरं ज्या पॅलेटवर दोन पाळ्या राबतात, त्यांना बँकेच्या कागदावर किंमत शून्य. मशीन किती तास चालतं, माल रिजेक्ट किती होतो, हे विचारायला त्याच्या फॉर्मात रकानाच नव्हता.

नूतनीकरण दरवर्षी. ताळेबंद सीएकडून वेळेत घ्या, नाहीतर दंडाचा आकार बसतो. त्याच सुमारास "एक पॉलिसी बघा की" असंही हळूच येतं. मालाचा विमा लागतोच, तो काढलाय. आयुर्विम्याचा सीसीशी संबंध नाही, लेखी द्या म्हटलं की विषय संपतो.

अडकलेल्या बिलांवर ट्रेड्सचा, म्हणजे बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेचा, उपाय आहे. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकाने बिल मान्य केलं की वित्तपुरवठादार बोली लावतात, पैसे आधी मिळतात, आणि ग्राहकाने पुढे थकवलं तरी आपल्याकडे मागायला येत नाहीत. आमचा एक ग्राहक त्यात बसतो. बाकीचे मधले पुरवठादार, त्यांची उलाढाल तिथवर पोचत नाही. त्यांना अजून फोनच करावा लागतो.

एकूण, ज्यांची बिलं दोन-अडीच महिन्यांत सुटतात त्यांनी ही सीसी डोळे झाकून घ्यावी. ज्यांचा सगळा धंदा एका उशिरा पैसे देणाऱ्या ग्राहकावर आहे, त्यांनी मंजुरीपत्रावर सही करण्याआधी येण्यावरचं मार्जिन आणि दिवसांची अट तेवढी वाचावी. काही शाखा विनंती केली तर मार्जिन थोडं खाली आणतात. आमच्या शाखेत अर्ज दिलाय. मॅनेजरची बदली झाली, नवीन साहेब फाइल बघतायत.