तळ्यातील चिलापी काढण्यासाठी शिवून घेतलेले ओढजाळे: वापरानंतरचा अभिप्राय

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या गृहसंकुलात पावसाच्या पाण्यावर भरणारे एक जुने तळे आहे. त्यात फोफावलेली चिलापी कमी करण्यासाठी समितीने हिवाळ्याच्या शेवटी एक ओढजाळे, म्हणजे दोन्ही काठांवरून ओढत आणायचे लांब जाळे, शिवून घेतले. जाळे, ते शिवून देणारे दुकान आणि ते ओढून देणारे कळव्याकडचे कोळी बांधव या तिघांविषयी हा अभिप्राय आहे. ठाणे आणि नवी मुंबईत अशी लहान तळी सांभाळणाऱ्या मंडळींना तो उपयोगी पडावा, अशी मनापासून इच्छा आहे.

चिलापी म्हणजे तिलापिया, आणि आपल्याकडच्या तळ्यांत बहुधा त्यातील मोझांबिक जात आढळते. ती १९५२ साली भारतात आणली गेली. ती अवघ्या दोन-तीन महिन्यांत विणीला येते, आणि मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळत असल्याने पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे असते. नर उथळ पाण्यात तळ उकरून ताटलीसारखे खड्डे करतात, त्यामुळे गाळ सतत ढवळला जातो, पाणी गढूळ राहते आणि कमळाची कोवळी रोपे तग धरत नाहीत. आमच्या तळ्यातील दांडवण आणि मरळ हे मासे हळूहळू दिसेनासे होऊ लागले होते, म्हणून हा खटाटोप करावा लागला.

विष टाकून तळे रिकामे करण्याचा सल्लाही काहींनी दिला होता. मोहाच्या पेंडीतील सॅपोनिनमुळे मासे मरतात, आणि मत्स्यशेतीत नवे बीज सोडण्यापूर्वी तळे साफ करण्यासाठी ती वापरतातही. परंतु पेंडीला नको असलेला मासा आणि हवा असलेला मासा यांतला फरक कळत नाही. ओढजाळ्यात आलेला प्रत्येक मासा जिवंत हातात येतो आणि काय ठेवायचे, काय काढायचे हे आपण ठरवू शकतो, एवढ्या एका कारणासाठी मी जाळ्याचाच आग्रह धरला.

दुकानाबद्दल आधी चांगले सांगतो. तयार जाळे हातात ठेवण्याऐवजी दुकानदारांनी तळ्याची रुंदी, पाण्याची खोली आणि तळ कसा आहे हे विचारून घेतले. लांबी तळ्याच्या रुंदीच्या किमान दीडपट आणि उंची पाण्याच्या खोलीच्या दीड ते दोनपट हवी, नाहीतर जाळ्याला झोळ, म्हणजे मासे गोळा होणारा पिशवीसारखा फुगवटा, पडत नाही आणि मासे कडेने निसटतात, हे त्यांनी स्वतःहून समजावले. आमचे तळे सुमारे १८ मीटर रुंद असून खोली जेमतेम दीड मीटर आहे, म्हणून ३० मीटर लांब आणि ३ मीटर उंच जाळे ठरले. जाळे बिनगाठीच्या नायलॉनचे आहे. गाठींवर घासून माशांची खवले निघतात आणि परत सोडलेले मासे पुढे बुरशी लागून दगावतात, म्हणून त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे मला योग्यच वाटते. कापड किलोच्या भावाने आणि शिलाई वेगळी, असा हिशेब होता आणि तो स्वच्छ होता.

आस, म्हणजे जाळ्याचे एकेक भोक, किती मोठी ठेवावी, यावर मात्र बराच विचार करावा लागला. आस मोठी असेल तर जाळे हलके ओढले जाते, पण मध्यम आकाराची चिलापी कल्ल्यांत अडकून तिथेच मरते आणि तिच्यासोबत हवे असलेले मासेही जातात. आस फार बारीक ठेवली तर गाळ आणि शेवाळ भरून जाळे जड होते. आम्ही बारीक आस निवडली आणि ओढणाऱ्यांची संख्या वाढवली. आमच्यासारख्या तळ्याला हाच पर्याय मी सुचवेन.

या जाळ्याची खरी परीक्षा खालच्या दोरीशी होते. कठीण तळावर शिशाचे मणी उत्तम काम करतात, पण मऊ गाळात ते रुततात आणि जाळे माशांऐवजी चिखल गोळा करू लागते. दुकानदारांनी शिशाऐवजी अनेक दोऱ्या एकत्र पिळून केलेली जाड वळी खाली लावून दिली. ती गाळावरून सरकत जाते आणि तरीही तळ सोडत नाही. चिलापी जाळ्याखालचा गाळ उकरून पलीकडे जाण्यात फार तरबेज असते, त्यामुळे दोरी वीतभर जरी उचलली गेली तरी ओढ वाया जाते. या जाळ्यात ती उचलली गेली नाही, आणि हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

उणीव वरच्या दोरीत निघाली. बोया, म्हणजे वरची दोरी तरंगती ठेवणारे हलके गोळे, इतक्या विरळ लावल्या होत्या की झोळ भरताच मधला भाग पाण्याखाली दबला आणि मोठी चिलापी वरून उड्या मारून निघून गेली. दोन्ही टोकांना बांबूच्या काठ्या बांधण्यासाठी पट्ट्याही दिल्या नव्हत्या. तक्रार केल्यावर दुकानाने मधल्या भागात बोया दुपटीने वाढवून दिल्या, त्यासाठी पैसे घेतले नाहीत, पण हे काम पहिल्यांदाच नीट व्हायला हवे होते.

कोळी बांधवांच्या कामाबद्दल मला निखालस आदर वाटतो. त्यांनी आदल्या दिवशी पाण्यातील फांद्या आणि दगड काढून घेतले आणि माशांना खाद्य टाकू नका असे बजावले. पहाटे सुरुवात करू नका, हाही त्यांचाच आग्रह. रात्रभर शेवाळ आणि मासे प्राणवायू वापरत असल्याने पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो, आणि त्यात गाळ ढवळला तर हवे असलेले मासेही गुदमरतात. म्हणून ऊन चढू लागल्यावर, पण उकाडा होण्यापूर्वी काम झाले आणि कारंजे पूर्ण वेळ चालू ठेवले. दोन्ही काठांनी संथपणे ओढत आणताना एक जण जाळ्यामागे पाण्यात चालत, दोरी अडकेल तिथे पायाने मोकळी करत होता. शेवटी वरच्या दोरीआधी खालची दोरी काठावर घेतली, त्यामुळे झोळ बंद झाला. तो पाण्यातच ठेवून, ओल्या हातांनी मरळ, दांडवण आणि रोहू वेगळे करून लगेच मागे सोडले गेले. काढलेली चिलापी त्यांनी विक्रीसाठी नेली. ती खाडीत किंवा दुसऱ्या तळ्यात सोडायची नाही, ही अट आम्ही आधीच घातली होती, कारण हा मासा मचूळ पाण्यातही मजेत जगतो.

जाळ्याने चिलापी संपेल अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये. पकडल्या गेलेल्या माद्या तोंडातील पिल्ले बाहेर टाकतात आणि ती कोणत्याही व्यवहार्य आसेतून निसटतात. लागोपाठच्या ओढींमध्ये मासेही सावध होतात, त्यामुळे मध्ये काही आठवडे जाऊ देऊन उलट्या दिशेने ओढणे अधिक फलदायी ठरले. उरलेल्या पिल्लांसाठी आम्ही मरळ राखली आहे. रायगडकडे तळ्यांत जिताडा पाळतात, त्यालाही चिलापीची पिल्ले चालतात. ज्यांच्या तळ्यात मांगूर शिरला आहे, त्यांनी मात्र या जाळ्यावर विसंबू नये. तो गाळात दडून बसतो आणि हवेतून श्वास घेतो, म्हणून तळे उपसण्यावाचून इलाज नसतो.

महापालिकेच्या तलावात असे काही करायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी. जाळे शेजारच्या संकुलाने मागितले तर आम्ही ते आनंदाने देतो, मात्र स्वच्छ धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळल्यावरच, कारण ओल्या आसांमधून गोगलगायी, शेवाळ आणि जलपर्णीचे तुकडे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. वाळल्यावर ते सावलीत टांगून ठेवावे. सतत उन्हात राहिलेले नायलॉन ठिसूळ होते आणि ओढताना नेमके झोळातच फाटते.