पीटी४११५ची १२ व्होल्ट एलईडी ड्रायव्हर पट्टी: घ्या, पण तिची जोडणी समजून

वावरातल्या जागलीला, कोठ्यात किंवा पंपघराच्या टिनाखाली सोलर बॅटरीवर कमी-जास्त होणारा दिवा हवा असेल, तर एलईडीचा करंट आवरणारी ही बोटभर सर्किट-पट्टी घ्यावी. शंभर रुपयांच्या आत मिळते आणि तिच्यावरची पीटी४११५ चिप भरवशाची आहे. तक्रारी मात्र ठरलेल्या: दिवा मंद होत नाही, मध्येच विझतो किंवा थरथरतो. त्यातली बहुतेक खोट चिपमध्ये नसते. ती असते पट्टीवरच्या चार डायोडांत आणि फिटिंगच्या सवयीत.

फिटिंगची सवय आधी. सगळ्या दिव्यांच्या काळ्या वायरी एकत्र करून बॅटरीच्या मायनसला नेण्याची रीत इथे घातक आहे. या सर्किटमध्ये बॅटरीचा प्लस सेन्स रेझिस्टरमधून (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) सरळ एलईडीच्या प्लसला जातो, आणि एलईडीचा मायनस कॉइलमधून चिपकडे येतो. चिप चालू-बंद करते ती मायनसची बाजू. तो मायनस बॅटरीच्या मायनसला लागला की चिपच्या हाती काही उरत नाही. तीन एलईडी असतील तर पॉट (उजेड कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर) कितीही फिरवा, त्या भकाभक तापत राहतात; दोन असतील तर तेवढाही वेळ देत नाहीत. म्हणून प्रत्येक दिव्याला त्याच्याच पट्टीपासून दोन वेगळ्या वायरी न्या. बॅटरी सोडवून मल्टीमीटर बीपवर ठेवा आणि एलईडी मायनस ते बॅटरी मायनस तपासा: बीप येता कामा नये. टिनाला स्क्रूने कसलेली अॅल्युमिनियम प्लेटही कधी कधी हाच शॉर्ट करते.

आता ते चार डायोड. अनेक पट्ट्या १२ व्होल्ट एसीवरही चालाव्यात म्हणून त्यांवर या चार डायोडांचा ब्रिज असतो. बॅटरीवर त्याचा उपयोग फक्त उलट जोडणीपासून बचाव एवढाच, आणि त्यासाठी साधारण १.४ व्होल्ट खर्ची पडतात. हिशेब करा: लोडवर बॅटरी ११.८ व्होल्ट, ब्रिज वजा जाता १०.४, आणि तीन पांढऱ्या एलईडी मालिकेत म्हणजे सुमारे ९.६. उरले ०.८. त्यात धुऱ्यापर्यंत २० मीटर लांब १ चौरस मिमीची वायर टाकली, तर जाऊन-येऊन जवळपास ०.७ ओहम होतात. एका लाइनवर तीन दिवे मिळून १ अँपिअर ओढत असतील तर ०.७ व्होल्ट तिथेच गेले. चिपला करंट आवरायला जागाच राहत नाही. मग पॉटचा वरचा भाग फिरवूनही उजेड बदलत नाही आणि रात्र चढते तसा दिवा आपोआप मंद होतो. १२ व्होल्टवर मालिकेत दोनच एलईडी लावा.

ब्रिजचा दुसरा त्रास सहज ध्यानात येत नाही. चिपचा ग्राउंड बॅटरीच्या मायनसपेक्षा एका डायोडने, म्हणजे सुमारे ०.७ व्होल्टने, वर बसतो. पॉटचं खालचं टोक बॅटरीच्या मायनसला जोडलं, तर चिपच्या डिम पिनला (उजेड किती ते हिच्यावरचा व्होल्टेज ठरवतो) तेवढा व्होल्टेज कमी पोचतो: तुम्ही २.५ देता, पिनला मिळतो १.८, आणि दिवा ७२ टक्क्यांवर अडतो. पॉट शून्यावर नेला तर पिन ग्राउंडच्याही खाली जाते, ते तर चिपला सोसतच नाही. पॉटचा आणि त्याला व्होल्टेज देणाऱ्या ५ व्होल्ट रेग्युलेटरचा मायनस पट्टीवरच्या चिपच्या ग्राउंडलाच घ्या. किंवा ब्रिज काढून टाका आणि प्लसच्या वायरीत एक शॉटकी डायोड टाका.

डिम पिनला हवा ०.५ ते २.५ व्होल्ट, ०.३ च्या खाली चिप बंद. म्हणजे पॉटने उजेड २० टक्क्यांपर्यंतच नीट उतरतो, पुढे एकदम विझतो. हा दोष नाही. ५ व्होल्ट, मग १० किलोओहम रेझिस्टर, मग १० किलोओहम पॉट असं जोडलं की वरच्या टोकाला बरोबर २.५ मिळतात. पॉटला थेट १२ व्होल्ट देऊ नका, पिन जळते. पॉटची वायर लांब असेल आणि मोटरचा स्टार्टर लागताना दिवा फडफडत असेल, तर डिम ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरड चिपजवळ लावा.

कोंबड्यांच्या शेडसाठी २० टक्क्यांखाली उतरायचं तर ५५५ टायमरचा पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणारे पल्स) वापरा, २०० ते ५०० हर्ट्झ. त्या वेळी तो ०.१चा कपॅसिटर काढलाच पाहिजे, नाहीतर पल्स गोल होतात आणि मंद टोकाला उजेड भलताच चढ-उतार करतो. ५०० हर्ट्झच्या वर नेलं तर कॉइल शिट्टी घालते.

सेन्स रेझिस्टरवरचा आकडा पाहूनच पट्टी उचला: करंट म्हणजे ०.१ भागिले ओहम. ०.३० ओहम असेल तर ३३३ मिलिअँपिअर, ०.१३ असेल तर ७७०. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. तिथे ७७०ची पट्टी बंद डबीत तापून थोडा वेळ विझते, गार झाली की परत लागते. लोक तेही डिमरचंच बिघडणं समजतात. उन्हाळ्यासाठी ०.३० ओहमची घ्या, आणि इनपुटचा कपॅसिटर २५ व्होल्टचा असेल तर ३५चा बसवा, कारण १२ व्होल्टचं सोलर पॅनल लोड नसताना २१-२२ व्होल्ट देतं.