अ‍ॅमट्रॅकचा यूएसए रेल पास: किलोमीटर नव्हे, चढउतार मोजा

४९९ डॉलर, ३० दिवस, १० प्रवास. अमेरिकेतली लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे चालवणाऱ्या अ‍ॅमट्रॅकचा हा पास वाचायला एका ओळीचा आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द नीट समजून घेतला नाही तर निम्मा वाया जातो. मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे आईवडील "एवढे लांब आलोच आहोत तर देश तरी बघू" म्हणून या पासाकडे वळतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर. आमचं मत आधीच सांगतो: लांबच्या गाड्यांसाठी वापरला तर पास फार स्वस्त पडतो. वेळेवर पोहोचायची घाई असेल किंवा रात्री आडवं झाल्याशिवाय झोप लागत नसेल, तर विमानाचं तिकीट काढा.

पहिला गैरसमज 'पास' या शब्दाचाच. मुंबईत लोकलचा पास खिशात असला की समोर येईल त्या गाडीत शिरायचं. इथे पास म्हणजे फक्त दहा तिकिटं काढण्याचा हक्क. प्रत्येक गाडीचं आरक्षण आधी करावंच लागतं. शिवाय पासधारकांसाठी जागा मर्यादित असतात, त्यामुळे रोख पैसे भरणाऱ्याला तिकीट मिळतंय आणि पासवर मात्र जागा नाही, असंही होतं. वेटिंग लिस्ट, आरएसी, गाडीत टीसीला गाठून काही जमवणं, यातलं काहीही नाही. जागा नसेल तर दुसरा दिवस शोधायचा.

दुसरा गैरसमज 'सेगमेंट'चा. वाहनात एकदा चढलात आणि उतरलात की एक सेगमेंट संपला, अंतर कितीही असो. शिकागो ते सॅन फ्रान्सिस्कोजवळचं एमरीव्हिल हा ३,९२४ किलोमीटरचा, सुमारे ५२ तासांचा प्रवास कॅलिफोर्निया झेफर गाडीने एका सेगमेंटमध्ये होतो. तोच प्रवास डेन्व्हरला उतरून दोन दिवस फिरून केला की दोन सेगमेंट. गाडी बदलली की दोन. आणि बहुतेकांना उशिरा कळणारी गोष्ट म्हणजे अ‍ॅमट्रॅकची जोडबसही मोजली जाते. सॅन फ्रान्सिस्को शहरात अ‍ॅमट्रॅकची गाडी जातच नाही. खाडीच्या या बाजूला एमरीव्हिलला उतरून बसने पलीकडे जावं लागतं, आणि त्या छोट्याशा बसप्रवासात एक अख्खा सेगमेंट जातो. त्यावर साधा तोडगा आहे. झेफर रिचमंड स्टेशनवरही थांबते आणि तिथेच बार्ट या स्थानिक मेट्रोचं स्टेशन आहे. काही डॉलरचं बार्टचं तिकीट काढा आणि सेगमेंट वाचवा. फक्त रिचमंडला सामान चेक-इन होत नाही, तेव्हा मोठ्या बॅगा असतील तर हा मार्ग विसरा.

हिशोब सोपा आहे. ४९९ भागिले १०, म्हणजे एक प्रवास जवळजवळ ५० डॉलरला. ज्या प्रवासाचं सुटं तिकीट ५० डॉलरच्या खाली मिळतं तो पासावर करू नये. न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया आधी तिकीट काढलं तर बरंच स्वस्त असतं, ते सुटंच घ्यावं. शिकागो ते कॅलिफोर्नियाच्या तिकिटाला एरवी दीडशे-दोनशे डॉलर मोजावे लागतात, तो पासावर. असे चार मोठे प्रवास झाले की पासाचे पैसे वसूल. मधूनमधून पासावर सवलतही निघते, पण ती बघून घाईने खरेदी करू नका. खरेदीपासून १२० दिवसांच्या आत पहिला प्रवास सुरू व्हायलाच हवा. जानेवारीत स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला पास जूनच्या सहलीला उपयोगाचा नाही. पहिल्या प्रवासाच्या दिवसापासून ३० दिवस मोजले जातात आणि शेवटचा प्रवासही त्यातच संपायला हवा. दोन महिन्यांच्या मुक्कामात हे ३० दिवस कुठले, ते आधी ठरवा, मग पैसे भरा.

एसेला ही वेगवान गाडी आणि व्हर्जिनिया-फ्लोरिडा दरम्यान मोटारी वाहून नेणारी ऑटो ट्रेन, या दोन्हींवर पास चालत नाही. न्यूयॉर्कहून टोरंटोला जाणाऱ्या मेपल लीफचा कॅनडातला भागही पासात नाही.

खरेदी अ‍ॅमट्रॅकच्या संकेतस्थळावर खातं उघडून होते आणि आरक्षणंही त्याच खात्यातून. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर परदेशी व्यवहाराची सोय बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी चालू करा, नव्या कार्डांवर ती मुळात बंदच असते. पास हातात आला की त्याच दिवशी सगळी आरक्षणं करावीत, आणि ती तारखांच्या क्रमाने नव्हे तर दुर्मिळतेच्या क्रमाने. न्यू ऑर्लीन्स ते लॉस एंजेलिस सनसेट लिमिटेड आठवड्यातून तीनदाच धावते, न्यूयॉर्क-शिकागो कार्डिनलही तीनदाच. अशी गाडी यादीत असेल तर आधी ती पक्की करा. बेत बदलला तर गाडी सुटण्यापूर्वी आरक्षण रद्द करायचं. नुसतं गेलंच नाही तर तो सेगमेंट बुडाला.

आता नकाशा. अमेरिकेच्या पर्यटनाच्या यादीतली निम्मी नावं रेल्वेच्या नकाशावर सापडत नाहीत. लास व्हेगासला अ‍ॅमट्रॅकची गाडी १९९७ पासून नाही. यलोस्टोनला नाही. फीनिक्स शहरातही नाही. ग्रँड कॅन्यनसाठी साउथवेस्ट चीफने फ्लॅगस्टाफला उतरून पुढे सुमारे १३० किलोमीटर रस्त्याने जावं लागतं. नायगाराला मात्र न्यूयॉर्कहून थेट गाडी आहे, सुमारे नऊ तासांची, आणि ती अमेरिकेच्या बाजूला पोहोचते. पूल ओलांडून पलीकडून धबधबा पाहायचा तर कॅनडाचा व्हिसा वेगळा.

न्यूयॉर्कपासून सुरू करणाऱ्यांसाठी आम्ही सुचवू तो मार्ग नऊ सेगमेंटचा: न्यूयॉर्क-नायगारा, बफेलो डेप्यू-शिकागो, शिकागो-फ्लॅगस्टाफ, फ्लॅगस्टाफ-लॉस एंजेलिस, लॉस एंजेलिस-ओकलंड (एमरीव्हिलच्या शेजारचं शहर), एमरीव्हिल-डेन्व्हर, डेन्व्हर-शिकागो, शिकागो-वॉशिंग्टन, वॉशिंग्टन-न्यूयॉर्क. दहावा हाताशी ठेवायचा. उलट दिशेनेही हाच फेरा होतो, पण या दिशेला कारण आहे. पश्चिमेकडे जाणारी चीफ फ्लॅगस्टाफला रात्री नऊच्या सुमारास पोहोचते, सरळ हॉटेलात जाऊन झोपता येतं. लॉस एंजेलिसहून येणारी पहाटे चार-पाचला उतरवते, हॉटेलची खोली दुपारशिवाय मिळत नाही आणि अ‍ॅरिझोनाच्या त्या भागात, सात हजार फुटांवर, पहाटे कडाक्याची थंडी असते. लॉस एंजेलिस-ओकलंडच्या गाडीचं, म्हणजे कोस्ट स्टारलाइटचंही तसंच. उत्तरेकडे जाणारी गाडी सकाळी लॉस एंजेलिसहून सुटते, त्यामुळे समुद्राकाठचा पट्टा दुपारी भर उजेडात दिसतो. दक्षिणेकडे येणारी त्याच पट्ट्यात संध्याकाळच्या सुमारास शिरते, डिसेंबरात तर बराचसा पट्टा अंधारातच जातो. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, हे डब्यात जागा मागताना लक्षात असू द्या.

या मार्गातला कच्चा दुवा बफेलो. शिकागोची लेक शोर लिमिटेड नायगाराला जात नाही. ती शहराबाहेरच्या डेप्यू स्टेशनवर मध्यरात्रीच्या सुमारास येते. नायगाराहून तिथवर टॅक्सी करावी लागते, ती आधीच सांगून ठेवावी.

आणि मग उशीर. ईशान्येचा न्यूयॉर्क-वॉशिंग्टन पट्टा सोडला तर रूळ बहुतांशी मालगाड्यांच्या खासगी कंपन्यांचे आहेत. कायद्याने प्रवासी गाडीला आधी वाट द्यायची असते. पण पश्चिमेकडचे बरेच मार्ग एकेरी रुळांचे, आणि आजकालच्या मालगाड्या इतक्या लांब की बाजूच्या लूप लाइनवर मावतच नाहीत. मावते ती प्रवासी गाडी, म्हणून तीच बाजूला उभी राहते. एकदा ठरलेली वेळ चुकली की पुढे प्रत्येक ठिकाणी क्रॉसिंगला थांबत जाते आणि दोन तासांचे पाच होतात. त्यामुळे गाडीतून उतरून त्याच दिवशी विमान पकडायचा बेत कधीही करू नये, मुंबईचं विमान असेल तर मध्ये दोन रात्री सोडाव्यात. लेक शोर सकाळी दहाच्या सुमारास शिकागोला येते आणि चीफ दुपारी तीनच्या सुमारास सुटते. कागदावर हे जमतं, तरी शिकागोत एक रात्र काढलेली बरी. वेळापत्रकातल्या वेळा त्या त्या गावच्या असतात. झेफर तीन कालविभागांतून जाते, आणि चीफच्या वाटेवरचं अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. वेळ मोबाइलवर न बघता स्टेशनच्या नावाशी ताडून बघा.

डब्याबद्दल. पास 'कोच'चा आहे आणि कोच म्हणजे खुर्ची. स्लीपर क्लासची सवय असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. खुर्ची मात्र ऐसपैस. आपल्या चेअर कारपेक्षा पाय पसरायला खूपच जागा, पाठ बरीच मागे जाते, पोटऱ्यांखाली आधार वर येतो. एक रात्र निभते, दुसऱ्या रात्री पाय सुजतात. म्हणूनच शिकागो-कॅलिफोर्निया सलग न करता डेन्व्हर किंवा फ्लॅगस्टाफला मोडावा, सेगमेंट गेला तरी. पांघरूण मिळत नाही आणि एसी रात्रीही जोरात असतो. शाल, मोजे, कानटोपी हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको. अंघोळीची सोय कोचला नाही. संडासात कागदच, तेव्हा रिकामी बाटली जवळ असू द्यावी.

पश्चिमेच्या गाड्या दुमजली असतात. संडास आणि सामानाचा मोठा रॅक खाली, बहुतेक खुर्च्या वर, मध्ये अरुंद वळणाचा जिना. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची जागा आरक्षणातच मागता येते. तिचा तोटा असा की एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट फक्त वरून आहे. चहासाठी, जेवणासाठी, काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या लाउंज डब्यासाठी जिना चढावाच लागतो. लांबच्या गाड्यांत खुर्ची बहुधा चढताना कर्मचारी देतात आणि उतरायच्या स्टेशनची चिठ्ठी खुर्चीच्या वर खोचतात. ती काढू नका. रात्री दोनला तुमचं गाव आलं तर त्या चिठ्ठीवरूनच तुम्हाला उठवतात.

खाण्याची बाजू शाकाहाऱ्यांसाठी लंगडी. कॅफे डब्यात मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं, चिप्स आणि कॉफी. पश्चिमेच्या गाड्यांत जेवणाचा डबा चांगला असतो, पण कोचवाल्यांना रात्रीच्या जेवणाला ४५ डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. स्वतःचं खाणं आपल्या जागेवर खायला मुभा आहे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, चिवडा यांवर दोन दिवस आरामात निघतात. कपात मिसळायचे उपमा-पोहे न्यायचे तर कॅफेत गरम पाणी मागता येतं. भारतातली विजेची किटली मात्र घरीच ठेवा. तिकडे १२० व्होल्ट, २३० व्होल्टची किटली पाणी कोमटच करत बसते, आणि गाडीत अशी उपकरणं लावायचीही नसतात. मोबाइल चार्जर दोन्ही व्होल्टेजवर चालतो, त्याला चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर पुरतो. डोंगरात आणि वाळवंटात तासन्‌तास रेंज नसते, आरक्षणाचं पान आधीच उतरवून ठेवा.

सामानाच्या बाबतीत अ‍ॅमट्रॅक उदार आहे. २३ किलोच्या दोन बॅगा फुकट चेक-इन, शिवाय हातात तेवढ्याच वजनाच्या दोन. विमानाच्या बॅगा जशाच्या तशा चालतात. पण चेक-इन फक्त कर्मचारी असलेल्या स्टेशनांवर आणि गाडी सुटायच्या ४५ मिनिटं आधीपर्यंत. दोघांनी मिळून एकच मोठी बॅग न्यावी, बाकी मुलांच्या घरी ठेवावं. तो जिना आठवा.

मूळ पासपोर्ट अंगावरच ठेवायचा, वरच्या रॅकवरच्या बॅगेत नव्हे. लेक शोर लिमिटेड आणि शिकागोहून वायव्येकडे जाणारी एम्पायर बिल्डर या गाड्या कॅनडाच्या सीमेजवळून जातात आणि सीमा पोलिस कधीकधी डब्यात येऊन कागद मागतात, कधी रात्रीही. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत आय-९४ या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीत असते, तिची छापील प्रत पासपोर्टमध्ये घडी करून ठेवली की दोन मिनिटांत काम होतं. एम्पायर बिल्डर स्पोकेनला मध्यरात्री दोन भागांत तुटते, एक सिअ‍ॅटलला आणि दुसरा पोर्टलंडला. लाउंज डबा पोर्टलंडच्या भागाला जातो, जेवणाचा सिअ‍ॅटलच्या. तेव्हा शिकागोत चढताना डब्यावरचं गाव वाचूनच पाय ठेवा, आणि स्पोकेन येईपर्यंत आपापल्या खुर्चीत परतलेले असा.