शाळेच्या घंटेआधी: ‘प्रे ॲज यू गो’ ॲप

ब्रिटनमधल्या जेझुइटांनी (एका कॅथलिक धर्मसंघाच्या सदस्यांनी) २००६ साली सुरू केलेली ही मोफत ध्वनिप्रार्थना कॅथलिक शिक्षकाच्या दिवसात खरंच बसते. रोजचं सत्र १० ते १३ मिनिटांचं: संगीत, बायबलमधला उतारा, मननासाठी प्रश्न, मग बहुतेकदा तोच उतारा पुन्हा. हे दुसरं वाचनच सगळ्यात मोलाचं, कारण पहिल्या वेळी डोक्यात हजेरीपटच घोळत असतो. मधल्या सुट्टीत मात्र लावू नका. घंटा नेमकी शांततेच्या जागी वाजते. आदल्या रात्री डाउनलोड करून सकाळी वर्ग भरण्याआधी ऐका. प्रश्नानंतरचा विराम अपुरा वाटला तर सत्र थांबवा, घाई नको. निवेदन इंग्रजीत आहे, म्हणून मराठीत प्रार्थना करणाऱ्यांनी उतारा आधी मराठी बायबलमध्ये वाचून घ्यावा.