कॅम्पस वाढवला, पण पोरं जमली कुठं? नवीन हॉस्टेल आणि कट्ट्याचा वापरानंतरचा अनुभव

आमच्या कॅम्पसचं नाव घेत नाही, कोल्हापुरातलाच आहे. गेल्या वर्षी नवीन हॉस्टेल, मोठं कॅंटीन आणि मल्टिपर्पज हॉल झाला. ॲडमिशनपासून इथंच राहतोय, त्यामुळं आता बोलायला हरकत नाही.

रूम ठीक आहेत. हवा खेळती, पाणी येतं, वायफाय रात्री रडतं. पण सगळ्यात भारी काय असेल तर कॅंटीन आणि लायब्ररीच्या मधला पत्र्याचा कट्टा, जो बहुतेक प्लॅनमध्ये नंतर घुसवलाय. बसायला लांब ओटे, भिंतीला चार्जिंगचे पॉइंट, बास. आधी कागल, गडहिंग्लज, पन्हाळ्याकडची पासवाली पोरं लेक्चर सुटलं की थेट सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँड गाठायची, हॉस्टेलच्या पोरांना त्यांची नावंपण माहीत नसायची. आता एसटीला वेळ असेल तर इथंच थांबतात, डबे उघडतात, मग कुणाचा खर्डा कुणाच्या भाकरीवर जातो कळत नाही आणि जर्नल पण तिथंच पुरं होतं. माझे निम्मे मित्र ह्या कट्ट्यावरचे.

कोल्हापूरला हॉस्टेल काय नवीन नाही राव. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं झाली आणि खेड्यातल्या पोराची शहरात राहायची सोय झाली. आमच्या मेसच्या टेबलावर आता सगळेच एकत्र बसतात, हे मला जास्त आवडतं. आणि नुसती जागा मोठी असून भागत नाही, शिवाजी विद्यापीठाचा कॅम्पस ८५३ एकरांचा आहे, एवढ्या पसाऱ्यात एका डिपार्टमेंटचा माणूस दुसऱ्या डिपार्टमेंटच्या माणसाला भेटणार कुठं, कट्ट्यासारखं काहीतरी कारण लागतंच की.

आता तक्रार. तो मल्टिपर्पज हॉल कायम कुलपात. अर्ज द्या, दोन सह्या आणा, मग चावीवाला जेवायला गेलेला असतो. युवा महोत्सवाची प्रॅक्टिस आम्ही शेवटी पार्किंगमध्ये केली, स्कूटींचे लाइट लावून. त्यात मुलींच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद होतं, म्हणजे नाटक रंगात आलं की निम्मी टीम उठून जाणार! एवढा खर्च करून हॉल बांधला आणि वेळ मात्र जुनीच ठेवली, हे काय झेपत नाही. शेवटची एसटी पण तशीच, ती चुकली तर गावाकडच्या पोराचा कार्यक्रमच चुकला.

मेस मध्यम. रस्सा कधी नाद खुळा, कधी नुसतं लाल पाणी. रविवारी रात्री बंद असते, तेव्हा बाहेर खायला पैसे बाजूला ठेवा.

नवीन येणाऱ्यांनी रूम मागताना कट्ट्याच्या बाजूची मागू नका, रात्री उशिरापर्यंत गलका असतो. झोप गाढ असेल तर मात्र तीच घ्या.